आजोळचा वाळा

दोरीवर तीनच लंगोट होते.

स्वरदानं ते परत मोजले. सकाळी सहाचा एक, आठचा एक, साडेनऊचा एक, आणि तो तिसराही नावापुरताच ओला निघाला होता. आता दुपारचे दोन वाजून गेले होते. मे महिन्यातलं अकोला, पारा अठ्ठेचाळीसवर. गॅलरीतले लंगोट वीस मिनिटांत पापडासारखे कडक व्हायचे. डायपरनं घामोळं येतं म्हणून तिनं सुती लंगोट धरले होते, आणि त्यांचा आणखी एक फायदा होता: ते मोजता यायचे. मोजणं ही तिची खोडच होती. सात महिन्यांच्या अनघाचे झोपेतले श्वास ती मोजायची, दुधाचे घोट मोजायची, दोन शिंकांमधलं अंतरसुद्धा.

आत दिवाणावर तिच्या सासूबाई, ज्योत्स्नाताई, चिंचेतले चिंचोके काढत बसल्या होत्या. पोस्टात अडतीस वर्षं नोकरी केलेली बाई. नियमाचं काम असेल तर हात चालायचा, नाहीतर नाही.

"आई, साडेनऊपासून हिनं शू केलेली नाही."

"कडी हिरवी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. हिरव्या कडीच्या पोरीला काय होतं बाप्पा." त्यांनी एक चिंचोका ताटलीत टाकला. "तुझा पट्टा बघ. लाल झालाय. तुझा पट्टा लाल झाला की मला कुकरची तिसरी शिट्टी ऐकल्यासारखं होतं."

स्वरदानं मनगट पदराखाली घेतलं. अनघा पाळण्यात पडून छताकडे बघत होती. मघाशी रडली होती, पण रडताना डोळे कोरडे होते. पूर्वी ही गोष्ट घरातल्या कुठल्याही बाईनं ओळखली असती. आता घरात कडी होती.

*

अनघाच्या डाव्या पायातल्या त्या रबरी कडीला सरकारी नाव जलकडी. बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तान्ही मुलं पटापट सुकून दगावू लागली, तेव्हा कुणा हुशार माणसाच्या डोक्यातून ती निघाली. तत्त्व शाळकरी पोराला कळेल इतकं सोपं. माणसाचं अंग म्हणजे खारं पाणी, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते. पाणी कमी झालं की वाट अवघड होते. कडीच्या आत धातूची दोन बटणं, घोट्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. त्यांच्यामध्ये कडी एका व्होल्टचा दहावा भाग एवढाच दाब लावते. बाळाला काही जाणवत नाही. त्या दाबानं किती प्रवाह वाहिला ते ती मोजते. दाबाला प्रवाहानं भागलं की आला रोध. निरोगी बाळाचा रोध पाचशे ओहमच्या आसपास. साडेपाचशेच्या खाली हिरवा दिवा, साडेसहाशेच्या वर लाल, मधे पिवळा. आणि चारशेच्याही खाली गेला, तर घरच्यांच्या फोनवर सूचना येते: पाणी भरपूर, वरचं पाणी देऊ नये. कारण तान्ह्या मुलाला पाणी जास्त झालं तर तेही वाईट.

आईच्या मनगटातला पट्टा त्याच तत्त्वावर चालायचा, फक्त उलट्या अर्थानं. काळजीनं तळहाताला, मनगटाला घाम येतो. ओल्या कातडीचा रोध उतरतो. पट्टा लाल होतो. जलकडीच्या पहिल्या दोन वर्षांत बालजल केंद्राला आयांचे इतके फोन आले की खऱ्या आजारी मुलांना गाड्या मिळेनात. तेव्हापासून फोन करणाऱ्या बाईचं बोलणं तिच्या पट्ट्यासह तोललं जाऊ लागलं. पट्टा लाल आणि कडी हिरवी, तर तो फोन चिंतेचा. चिंतेच्या फोनला गाडी नाही. आणि केंद्राच्या क्रमांकाशिवाय उन्हाळ्यात कुठलंच हॉस्पिटल मूल दाखल करून घेत नव्हतं. अकरा ते पाच रस्त्यावर रिक्षाही नसायची.

पट्टा बनवणाऱ्यांनी एक गोष्ट धरलीच नव्हती. दुपारी एक ते चार अकोल्यात एसी बंद असायचे, शहराला तेवढीच वीज मिळायची. त्या तीन तासांत घरोघरीच्या आया लाल असायच्या.

स्वरदा हे सगळं जाणून होती. तिनं भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं, आणि कडीसोबत आलेली चाळीस पानी नियमावली वाचणारी वस्तीतली ती बहुधा एकटीच बाई असावी. सात महिन्यांत तिनं केंद्राला अकरा फोन केले होते. अकराही वेळा अनघाला काही झालं नव्हतं.

*

बारावा फोन तिनं स्वयंपाकघरात जाऊन केला.

"नमस्कार, बालजल केंद्र. मी मधुवंती बोलतेय. स्वरदाताई ना?" पलीकडचा आवाज गोड होता, सरावानं गोड झालेला. "बोला, आज काय झालं?"

"साडेचार तास झाले, बाळाला शू नाही. सकाळपासून दोनदा दूध ओकलीय. रडते तर डोळ्यांत पाणी नाही. टाळू खोल गेलीय, हाताला लागते."

"एक मिनिट हं." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "अनघाची कडी हिरवी आहे, ताई. आज काय, गेल्या चोवीस दिवसांत पिवळीसुद्धा झालेली नाही. उलट तिला पाणी भरपूरची सूचना सतरा वेळा आलीय. तुम्ही वरचं पाणी देत नाही ना?"

"नाही. तुम्हीच देऊ नका म्हणून कळवलंत."

"छान. तुमचा पट्टा मात्र फार खाली आलाय. जेवलात का?"

"मधुवंती, तुम्हाला मूल आहे?"

"ताई, हे संभाषण नोंदवलं जातंय. मी तुम्हाला श्वासाच्या व्यायामाची चित्रफीत पाठवते. ती पूर्ण बघा, मग पट्टा वर आला की पुन्हा बोलू."

चित्रफीत आली. एक बाई समुद्रकिनारी बसून डोळे मिटत होती. स्वरदानं ती बंद करून नवऱ्याला फोन लावला. यशोधन बाळापूरकडच्या सौरप्रकल्पावर देखभालीचं काम बघायचा. मागे वाऱ्याचा घोंगावणारा आवाज येत होता.

"हिरवी आहे ना?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"यश, तू एकदा येऊन तिच्याकडे बघ. फक्त बघ."

"स्वरू, मागच्या महिन्यात मी अर्धी पाळी टाकून आलो होतो. तिला दात येत होते."

"हे ते नाही."

"तेव्हाही तू हेच म्हणालीस. माझ्या फोनवर तुझा पट्टा दिसतोय मला. आईजवळ दे तिला आणि जरा आडवी पड."

*

ती आडवी पडली नाही. पाळण्याशी बसून तिनं फोनवर कडीचं तंत्रज्ञांसाठीचं पान उघडलं. त्याची वाट नियमावलीच्या सदतिसाव्या पानावर दिली होती. तिथं रंग नव्हते, नुसते आकडे होते. दाब, प्रवाह, आणि तारखा.

तिनं हरभऱ्याच्या डाळीच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीनं मांडायला सुरुवात केली. महिन्यापूर्वी प्रवाह होता एका मिलिअँपिअरचा पाचवा भाग. शंभर मिलिव्होल्ट भागिले शून्य पूर्णांक दोन. पाचशे ओहम. ठीक. चोवीस दिवसांपूर्वी प्रवाह एकदम वाढून शून्य पूर्णांक सत्तावीस झाला होता. रोध तीनशे सत्तर. गेले चार दिवस प्रवाह थोडाथोडा उतरत होता. आज शून्य पूर्णांक दोनशे चौदा. रोध चारशे सदुसष्ट.

चार दिवसांत जवळजवळ शंभरानं चढला होता. सगळा चढ हिरव्याच्या आत, म्हणून कुणाला दिसला नव्हता. मूल सुकत होतं. पण मुळात तीनशे सत्तरवर उतरलंच कसं? कुणाचं अंग एका दिवसात इतकं पाणीदार होत नाही.

मग तिला बॅटरी आठवली. कडीची बॅटरी वीस दिवस चालायची, कधी एक दिवस कमी नाही की जास्त नाही. मागची मात्र पंधराव्या दिवशीच टिकटिकली होती. यशोधन म्हणाला होता, बॅटरी भिकार निघाली. तिनं दाब गुणिले प्रवाह केलं. आधी कडी वीस मायक्रोवॉट खर्च करत होती, नंतर सत्तावीस. तेवढ्याच बॅटरीवर सत्तावीस खर्च केले, तर वीस दिवसांचे पंधरा होतात. बॅटरी भिकार नव्हती. जास्तीचा प्रवाह खरोखरच कुठूनतरी जात होता, आणि तो अनघाच्या अंगातून जात नव्हता.

चोवीस दिवसांपूर्वी काय झालं होतं?

उष्टावण. वाशीमहून स्वरदाचे आईवडील आले होते. भाताचा पहिला घास, आणि आजोळचे चांदीचे वाळे. वर्षाची होईपर्यंत काढायचे नाहीत, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. उन्हानं चांदी तापायची, घोट्याला घासायची, म्हणून स्वरदानंच डाव्या वाळ्याला काळा दोरा गुंडाळला होता. घट्ट, शेजारी शेजारी, एकही वेढा वर न चढू देता. दृष्टीलाही बरा, म्हणाली होती ती हसून.

तिनं अनघाचा पाय हातात घेतला. वाळा घरंगळून कडीला टेकला होता. कडीच्या दोन्ही बटणांच्या कडा रबराबाहेर नखाएवढ्या डोकावत होत्या, आणि दोऱ्याचा वाळा त्या दोन्हींवर बसला होता. दोरा चोवीस दिवसांच्या घामानं चिंब, खारट. विजेला दोन वाटा झाल्या होत्या. एक पोरीतून, दुसरी घामाच्या दोऱ्यातून आणि चांदीतून. दोन वाटा झाल्या की मिळून रोध कमीच भरतो. कडी प्रामाणिकपणे मोजत होती, पण दोघांचं एकत्र.

पिशवीवर उरलेल्या जागेत तिनं गणित संपवलं. दुसरी वाट साधारण चौदाशे ओहमची. ती वजा केली तर आज एकट्या अनघाचा रोध सातशे.

लाल. सरळ लाल.

तिनं वाळा काढला. हात इतके ओले होते की दोनदा निसटला. तिसऱ्यांदा सुटला, आणि अर्ध्या मिनिटात कडी लाल झाली. स्वरदाला वाटलं, सुटलो.

*

फोनवर लाल दिव्याखाली एक ओळ आली होती. एका मिनिटात दोनशे तेहेतीस ओहमची वाढ शरीरात संभवत नाही. छेडछाडीचा संशय. दुसऱ्या पालकानं प्रत्यक्ष पाहून दुजोरा द्यावा.

यशोधन दिवसभर बाहेर असायचा, म्हणून दुसऱ्या पालक म्हणून ज्योत्स्नाताईंची नोंद होती. त्यांचा फोन दिवाणावर वाजत होता. त्या दारात उभ्या होत्या, आणि सुनेच्या हातात वाळा बघत होत्या.

"काय केलंस तू?"

"आई, हिरवं दाखवत होतं ते खोटं होतं. हा वाळा कडीला टेकत होता. दोऱ्यातून करंट जात होता. हे खरं आहे, हे लाल. दुजोरा द्या."

"मी पाहिलं ना आत्ता. तू पायाशी काहीतरी खटपट केलीस आणि लाल झालं."

"काढला म्हणून लाल झालं."

"तेच म्हणतेय मी." त्या फोन हातात घेऊन वाचत होत्या, एकेक शब्द, तारेचा कागद वाचावा तसा. "इथे लिहिलंय, दुसऱ्या पालकाने छेडछाड पाहिली आहे का. हो किंवा नाही. मी पाहिलीय. खोटं कसं लिहू? अडतीस वर्षं मी एक शिक्का चुकीचा मारला नाही, स्वरदा."

"तिच्याकडे बघा तरी."

त्यांनी बघितलं. नात मलूल होती हे त्यांना दिसलं असावं, कारण त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी सुनेच्या मनगटाकडे पाहिलं, लाल पट्ट्याकडे, आणि हो दाबलं.

केंद्राचा फोन लगेच आला. मधुवंतीच. "स्वरदाताई, संशय नोंदला गेलाय. तंत्रज्ञ तीन दिवसांत येतील. तोपर्यंत आधीचीच हिरवी नोंद धरली जाईल."

तीन दिवस. स्वरदानं पाळण्याकडे पाहिलं. अनघानं आता रडणंही सोडलं होतं.

"चांदीचा दागिना कडीला टेकला होता. त्यानं आकडा चुकला. हे कारण लिहा."

"कारणांच्या यादीत दागिना नाही, ताई. कडी सैल होती, कडी पाण्यात पडली, किंवा पालकानं मुद्दाम छेडली. तीनच."

ज्यांनी ही यादी केली, त्यांच्या गावात तान्ह्या पोरींना चांदी घालत नसावेत. स्वरदाला नियमावलीचं एकोणतिसावं पान दिसायला लागलं. सैल कडीला तंत्रज्ञ. पाण्यात पडलेल्या कडीला पार्सलनं नवी कडी. तिसऱ्या कारणाखाली चार ओळी होत्या, आणि त्या तिला पाठ होत्या. पालकाने छेडछाड कबूल केल्यास मागील सर्व नोंदी रद्द समजाव्यात. मुलाची अवस्था अज्ञात धरावी. अज्ञात अवस्थेतील मुलास तात्काळ गाडी द्यावी. चौथी ओळ आईविषयी होती.

हिरव्याला गाडी नव्हती आणि लालवर कुणाचा विश्वास नव्हता. अज्ञाताला गाडी होती.

"मी छेडली," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"मुद्दाम छेडली. चोवीस दिवस. कडीखाली मिठाचं पाणी लावत होते."

"ताई, याचा परिणाम माहीत आहे ना तुम्हाला? तुम्ही नियम वाचलेत?"

"मीच वाचलेत. लिहा."

"का केलंत, तेही विचारतात इथे."

"तिला कुणी माझ्यापासून नेऊ नये म्हणून," ती म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं आता नेमकं तेच करून ठेवलं आहे.

दारात उभ्या ज्योत्स्नाताईंनी हातातला फोन खाली ठेवला. त्या स्वतःही उंबऱ्यावर बसल्या.

"मीठ लावलंस?" त्या म्हणाल्या. "सोन्यासारख्या पोरीला मीठ लावलंस तू?"

"हो," स्वरदा म्हणाली. फोन अजून चालू होता.

गाडी वीस मिनिटांत आली.

*

डॉक्टर म्हणाले, आणखी चार तास गेले असते तर मूत्रपिंडं गेली असती. हे ते यशोधनला म्हणाले. स्वरदा काचेच्या पलीकडे होती. चौथ्या ओळीप्रमाणे नव्वद दिवस तिला मुलीच्या दोन मीटरच्या आत जायची मनाई होती. गेली, तर मनगटातला पट्टा थरथरणार होता, आणि थरथरल्याचं केंद्राला कळणार होतं. एकदा जरी कळलं, तरी नव्वदचे कायमचे होणार होते. पहिल्या पालक आता ज्योत्स्नाताई.

"वाळ्यानं झालं, यश. मी गणित दाखवते तुला. पिशवी घरी आहे."

"आणि मीठ?"

"ते खोटं सांगितलं. गाडी यावी म्हणून."

यशोधन काचेकडे बघत होता. "तेव्हा खोटं बोललीस, मग आत्ता खरं बोलतेयस हे मी कशावरून धरायचं?" तो रागावला नव्हता. थकला होता फक्त. "डॉक्टरांच्या कागदावर मीठ लिहिलंय, स्वरू. तुझ्याच तोंडचं."

काचेपलीकडे अनघा रडली, आणि स्वरदाच्या ब्लाउजवर दुधाचे दोन डाग उमटले. ती भिंतीकडे वळली. हॉस्पिटलातला एसी गार होता. तिच्या मनगटावरचा पट्टा कित्येक महिन्यांनी हिरवा झाला होता. फोनवर संदेश आला: आपण स्थिर आहात. अभिनंदन.

*

घरी आल्यावर हॉलमध्ये खडूनं रेघ मारली गेली. पाळणा आतल्या खोलीत, स्वरदाचा वावर रेघेच्या अलीकडे. दूध ती बाटलीत काढून रेघेवर ठेवायची, ज्योत्स्नाताई उचलून न्यायच्या. कुणी तिला टाकून बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं फारसं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "आई, वाळा कुठे आहे?"

"पेटीत. काढून ठेवलाय. तुझ्या डोक्यात तेच बसलंय तर नको म्हटलं घालायला." ज्योत्स्नाताईंनी अनघाला सुती पायमोजे चढवले होते. हॉस्पिटलनंच दिले होते, घोट्याच्या वरपर्यंत येणारे.

स्वरदाला बरं वाटलं. ती पावडर लावून मनगट कोरडं ठेवायला शिकली. हळू बोलायला शिकली. दोरीवरचे लंगोट मात्र मोजत राहिली, लांबून. सात. सात. सहा. आठ. मग पाच. काल चार.

"आई, वरचं पाणी देताय ना?"

"सूचना आलीय, देऊ नये म्हणून. भरपूर आहे पाणी पोरीत."

भरपूर. त्या शब्दाशी ती जराशी अडखळली. पण वाळा पेटीत होता.

पंधराव्या दिवशी दुपारी सव्वादोनला आतल्या खोलीतून टिक, टिक असा बारीक आवाज आला. एसी बंद होता, घर निपचित होतं, म्हणून रेघेच्या अलीकडेही तो ऐकू आला. ज्योत्स्नाताई झोपेतच पुटपुटल्या, "बॅटरी संपली वाटतं. यश आल्यावर बदलेल."

स्वरदा गॅलरीच्या दारात होती. घरी सोडताना हॉस्पिटलनं नवी कडी, नवी बॅटरी घातली ती तारीख तिला माहीत होती. ती बोटांवर मोजायची गरज नव्हती, तरी तिनं मोजली. पंधरा. वीस नव्हे. म्हणजे सत्तावीस मायक्रोवॉट. म्हणजे दुसरी वाट.

दोरीवर तीन लंगोट होते.

ती आधी स्वयंपाकघरात गेली. पेल्यात उकळून गार केलेलं पाणी, साखर, चिमूटभर मीठ. डब्याचं झाकण वाजलं आणि ज्योत्स्नाताई जाग्या झाल्या.

"परत मीठ?" त्या दारात येऊन म्हणाल्या. आवाजात भीती होती. "स्वरदा, रेघ ओलांडू नकोस व. मी हात जोडते तुला. ओलांडलीस तर मी काही करू शकणार नाही, ते आपोआप जातं त्यांच्याकडे."

"मोज्याखाली काय आहे, आई?"

ज्योत्स्नाताईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरीला एवढी दृष्ट लागली. उघडा पाय कसा ठेवू? पहिल्याच दिवशी परत घातला मी वाळा. नवा दोरा गुंडाळलाय, चांगला जाड."

स्वरदानं रेघ ओलांडली. पट्टा थरथरायला लागला. कडी हिरवी होती. अनघा छताकडे बघत होती, ओठांना पापुद्रे आलेले. स्वरदाला सगळं आधीच माहीत होतं. आई जवळ आली आणि आकडा उडाला, असं नोंदलं जाईल. पहिल्यासारखंच, फक्त या वेळी कुणाला शंकाही उरणार नाही. कबुली द्यायलाही आता ती पालक नव्हती. म्हणजे अनघासाठी गाडी येणार नव्हती.

तिनं मोजा काढला, वाळा काढला आणि सासूच्या हातात दिला. कडी लाल झाली.

मग तिनं लेकीला इतक्या दिवसांनी मांडीवर घेतलं आणि चमच्यानं ओठांच्या कोपऱ्यात पाणी सोडलं. पहिला चमचा बाहेर ओघळला. दुसराही. तिसऱ्याला घसा हलला.

"चार," ती म्हणाली. "आई, मोजताय ना? दर मिनिटाला दोन. जास्त घाई केली तर ओकते. मी नसले की तुम्हीच द्यायचं."

"मला नाही येणार."

"येतं. शिक्के मारल्यासारखं. एकामागून एक."

ज्योत्स्नाताई पाळण्याची दोरी धरून उभ्या राहिल्या, मुठीत वाळा. पन्नासाव्या चमच्याला त्या खाली बसल्या. सत्तराव्याला त्या तोंडानं आकडे म्हणू लागल्या.

सव्वातीनला खाली गाडी थांबली. दोन बायका वर आल्या, खाकी गणवेशातल्या, सौजन्यानं बोलणाऱ्या. त्यातल्या एकीनं स्वरदाच्या मनगटाकडे पाहिलं आणि तिला नवल वाटलेलं दिसलं. पट्टा हिरवा होता.

"चला, ताई. मुलीला आजीकडे द्या."

"पेल्यात थोडं राहिलंय."

"चला."

तिनं अनघाला सासूच्या मांडीवर ठेवलं, चमचा त्यांच्या बोटांत दिला. मांडी बदललेली कळली तशी पोर रडायला लागली, मोठ्यानं, हात पसरून. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून स्वरदानं मागे वळून पाहिलं. अनघाच्या गालावरून काहीतरी चमकत खाली उतरलं, मग दुसऱ्या डोळ्यातून.

"आई," तिनं तिथूनच विचारलं, "ओलं आहे का? हात लावून बघा. डोळ्यांखाली ओलं आहे का?"

ज्योत्स्नाताईंनी नातीच्या गालावर बोट फिरवलं आणि होकारार्थी मान हलवली.

"मग पुढचा चमचा द्या," स्वरदा म्हणाली. "एकशे एक."